बिनपेराचा बांबू

माझ्या बाबांना जगातली कुठलीच काठी सरळ दिसत नसे. म्हाताऱ्याच्या हातातली असो, लग्नाच्या मांडवाचा खांब असो, मास्तरांची छडी असो. ते एक डोळा मिटायचे, मान थोडी कलती करायचे आणि या टोकावरून त्या टोकाकडे बघायचे. मग जिभेनं टाळूला बारीक टक् करायचे. टक् म्हणजे वाकडी.

मी बी.एस्सी. झालो आणि पदवीचा कागद पुठ्ठ्याच्या नळीत घालून घरी आणला, तेव्हा बाबांनी नळी हातात घेतली, दोन्हीकडची झाकणं काढली आणि दाराच्या उजेडाकडे धरून आरपार पाहिलं.

"अवो, आतला कागद काढून पाहा नं," माय म्हणाली. "नळी काय पाहून राहिले?"

"नळी सरळ आहे," बाबा म्हणाले. टक् झालं नाही. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मला आयुष्यात मिळालं नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अशा ठिकाणी लोक लिहितात की हे काही मोठेपणासाठी सांगत नाही. मी मोठेपणासाठीच सांगतो. इंग्रजीतला कागद आला की आमच्या गल्लीतली माणसं तो घेऊन माझ्याकडे येत, आणि मी ओट्यावर उभा राहून, बसून नव्हे, तो वाचून दाखवी. या वाचून दाखवण्याचाच हा सगळा किस्सा आहे.

आम्ही बुरूड. नागपुरात आमच्या गल्लीत सकाळपासून बांबू फाटण्याचा आवाज असायचा, एक लांब चर्र, आणि शेवटी सुटल्याचा उसासा. आजही कुठे जाड कापड फाडलं की मला दुपारचं ऊन आठवतं, अंगणभर पसरलेल्या पिवळ्या कामट्या आठवतात, आणि त्यांच्या मधोमध पाय पसरून बसलेले बाबा. सूप, दुरड्या, टोपल्या, झापड्या. आमच्या घरात सगळं याच चार गोष्टींवर चाले. बाण मागाहून आले.

बाण आणले ते सरांनी. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर. आमच्या घरामागच्या कॉलेजच्या मैदानावर ते सकाळी पोरांना धनुर्विद्या शिकवायचे. एक दिवस मोडलेला बाण घेऊन ओट्यावर आले आणि म्हणाले, "असा एक होईल का?" बाबांनी तो मोडका बाण आठ दिवस उशाशी ठेवला. मग एकदम बारा केले.

बाण करताना बाबा बोलत नसत. हिवाळ्यात सकाळी शेगडी अंगणात यायची. घरात आलेल्या कुठल्याही काडीला आधी शेक द्यायचा, ती कपाळाला लावायची आणि मगच तिच्यावर हत्यार चालवायचं, ही त्यांची रीत होती. त्यांच्या बापाचीही होती. काडी निखाऱ्यावर वीतभर उंच धरून ते बोटांमध्ये फिरवत राहायचे, फिरवत राहायचे. धुकं मैदानाकडून हळूहळू आमच्या अंगणात शिरायचं आणि शेगडीभोवती येऊन विरायचं. मला झोप यायची. कधीतरी बांबूचा वास बदलायचा. कच्च्या, हिरव्या वासाचा भाजलेल्या भुईमुगासारखा वास व्हायचा. त्या क्षणी ते काडी गुडघ्यावर टेकवून एवढीशी दाबायचे, फुंकर मारायचे आणि एक डोळा मिटायचे.

भिंतीत दोन खिळे होते. सरळ झालेली काडी त्या खिळ्यांवर आडवी ठेवून तिच्या मधोमध अर्ध्या किलोचं माप सुतळीनं टांगायचं. काडी किती वाकते ते मागे भिंतीवर कोळशानं ओढलेल्या रेघांवर दिसे. एकाच रेघेपर्यंत वाकणाऱ्या काड्यांना बाबा भावंडं म्हणत आणि एका रंगाच्या दोऱ्यानं बांधून ठेवत. कॉलेजात प्रयोगशाळेत पट्टीला वजनं टांगून तिचा वाक मोजायचा प्रयोग आला, तेव्हा मी घरी येऊन मोठ्या उत्साहानं सूत्र सांगितलं.

"हे तं मी करतोच," बाबा म्हणाले. "त्याचेही मार्क देतात काय?"

टोकं लाखेनं चिकटवायची. पिसं बदकाची, आणि एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची; उजव्याला उजवी, डाव्याला डावी. हे निवडायचं काम माझ्या बहिणीचं. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पिसं निवडता निवडता ती मैदानावर जाऊ लागली, मैदानावर जाता जाता एक दिवस तिनं धनुष्य उचललं. बाबांनी मग तिच्यासाठी वेगळं केलं. तिच्या खांद्याला झेपेल असं हलकं, बांबूचंच, मुठीपाशी जाडजूड, आणि मुठीला मायच्या जुन्या लुगड्याची किनार गुंडाळलेली.

ती फार चांगली मारायची. माझी बहीण म्हणून सांगत नाही, सर सांगायचे. पण तिची एक अडचण होती. जवळच्या निशाणावर बाण जाऊन नेमका बसायचा. लांबच्या निशाणावर मात्र तो वाटेतच थकायचा. धनुष्य हलकं, बांबूचा बाण त्या मानानं जड. आम्ही मागे उभे राहून बघायचो. बाण निघायचा, माशासारखी शेपूट हलवत उंच जायचा, उन्हात एकदा चमकायचा, आणि मग जणू काही आठवल्यासारखा खाली बघू लागायचा. गवताच्या गंजीच्या दोन पावलं अलीकडे मातीत. हा किस्सा घडला त्याच्या आदल्या वर्षी राज्याच्या संघाची निवड आमच्याच मैदानावर झाली, तेव्हा लांबच्या फेरीत तिचे बाण एकामागून एक असेच अलीकडे पडले आणि ती घरी आली. जेवली नाही.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं चालली होती. त्या सालची निवड ही तिच्या वयोगटातली तिची शेवटची होती. पुढच्या वर्षी तिला मोठ्या बायांमध्ये उभं राहावं लागलं असतं, आणि तिथं असल्या हलक्या धनुष्याचं काम नव्हतं. निवडीला आठ दिवस राहिले असताना सर आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. परदेशातून आलेल्या कोण्या ओळखीच्या माणसाकडून त्यांनी ते मागून आणलं होतं.

कागद उलगडला. आत सहा काळ्या काड्या. सहाच.

"कार्बनच्या आहेत," सर म्हणाले. "नुसत्या काड्या. टोकं, खाचा वेगळ्या दिल्यात, पिसं आपली लावा. वजनाला काहीच नाही. पोरीचा बाण पोचेल."

बहिणीनं एक उचलली आणि तळहातावर ठेवून नुसती बघत बसली. पेन्सिलीपेक्षाही बारीक, आतून पोकळ, आणि काळी, शाळेच्या ओल्या पाटीसारखी काळी. बाबांनी दुसरी घेतली. एक डोळा मिटला. आम्ही सगळे वाट बघत होतो. टक् झालंच नाही. त्यांनी काडी उलटी केली, पुन्हा पाहिलं. मग दुसरी, तिसरी, सहाच्या सहा. एवढा वेळ एका जागी आणि टक् नाही, असं आमच्या अंगणात कधी झालं नव्हतं.

"पेर कुठं आहे ह्याले?" बाबांनी विचारलं.

"पेर नसते, बाबा. कारखान्यात होते हे," मी म्हणालो.

"आतून पोकळ, वरून चिकना, अन् मध्ये गाठ नाही." त्यांनी काडी कानापाशी नेऊन नखानं वाजवली. "बिनपेराचा बांबू आहे गा हा."

सोबत एक छापील कागद होता. इंग्रजीत. सरांनी तो सरळ माझ्या हातात दिला. मी उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सायकलवर सीताबर्डीला गेलो. लाख चालणार नाही, गरम काही लावायचं नाही, हे कागदावर होतं. म्हणून दोन ट्यूबमधलं मिसळून लावायचा गोंद आणायचा होता आणि लोखंड कापायच्या करवतीचं बारीक दातांचं पातं. येताना गल्लीच्या तोंडाशीच वास आला. भाजल्या भुईमुगाचा नव्हे. जळक्या टायरसारखा काहीतरी.

बाबा शेगडीसमोर बसले होते आणि मांडीवर एक काळी काडी होती. तिचं एक टोक फुललं होतं. उभे काळे तंतू सुटून केरसुणीसारखे झाले होते.

"सवयीनं हात गेला," ते म्हणाले.

"बाबा, कागदावर लिहिलं होतं! मी सांगून गेलो होतो नं, गरम करायचं नाही म्हणून!"

"गोंदाचं सांगतलं होतं तू. शेकाचं नाही सांगतलं."

"काडी सरळच होती, शेकली काहून?"

बाबांनी मान वर केली. "घरात आली नं ते," एवढंच म्हणाले.

बहीण दारात उभी होती. ती पुढे आली, उरलेल्या पाच काड्या उचलल्या आणि आत नेऊन देवाच्या फळीवर ठेवल्या. निखारे आणि त्यांच्यामध्ये जितकं अंतर घालता येईल तितकं घातलं. मायनं जळकी काडी उचलली, फुललेलं टोक सांडशीनं मोडून टाकलं आणि चांगल्या टोकातून फुंकून पाहिलं.

"हे बरी आहे," ती म्हणाली. "सुईवानी हवा जाते." आणि चुलीपाशी निघून गेली. त्या दिवसापासून आमच्या घरी चूल कार्बनच्या फुंकणीनं पेटू लागली. अशी दुसरी फुंकणी तेव्हा साऱ्या भारतात नसेल.

मला राग आला होता आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं. जे काम इतकी वर्षं बाबांच्या हातात होतं, ते आता माझ्या कागदावर आलं होतं. संध्याकाळी मी ओट्यावर कंदील नव्हे, चांगला दिवा ओढून आणला आणि कागद पसरला. त्यावर कोष्टक होतं. धनुष्याचा जोर इतका, ओढ इतकी, तर काडीची लांबी इतकी. बहिणीची ओढ मी टेपनं मोजली. सव्वीस इंच. कोष्टकात सत्तावीस इंच निघाले. काड्या एकतीसच्या होत्या. म्हणजे चार इंच कापायचे.

"चार बोटं बाहेर राहू दे," बाबा म्हणाले. त्यांचे बाण ओढल्यावरही धनुष्याच्या पुढे नेहमी चार बोटं उरत.

"कागदावर एकच इंच आहे."

बाबा कागदावर वाकले. त्यांना अक्षरं वाचता येत नव्हती, पण बाजूला धनुष्याचं चित्र होतं. ते त्यांनी बराच वेळ पाहिलं. "हे धनुष्य आपल्यासारखं नाही गा. ह्याच्या पोटात खिडकी कापली आहे. बाण मधातून जाते ह्याचा. आपला बाजूनं जाते."

"चित्रच आहे ते, बाबा. दाखवायला काढलं आहे."

"एक काप. एक मारून पाहू. मंग बाकीचे."

"सगळे एका मापाचे पाहिजेत. एकदमच कापलेले बरे."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. दुपारी मी बोललो होतो ते त्यांच्या कानात असावं; त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. बहीण म्हणाली, "दादानं पाहिलं असन नं कागदावर."

मी पाचही कापल्या. करवतीचा आवाज बांबूसारखा नव्हता, त्यात उसासा नव्हता. नुसती काळी भुकटी पडत होती. चार चार इंचांचे पाच तुकडे पायाशी जमले, आणि मी ते गोळा करून खिशात ठेवले, का कोण जाणे.

गोंद वाळायला एक दिवस गेला. बहिणीनं पाच बाणांना पंधरा पिसं लावली, सगळी उजव्या पंखाची. बाण इतके देखणे झाले की गल्लीतली माणसं बघायला आली. पांढरी पिसं, काळी काडी. पाण्यावर बगळा उतरतो तेव्हा खाली त्याची सावली दिसते, तसं काहीतरी.

पहाटेचं धुकं उठल्यावर आम्ही मैदानावर गेलो. गंजी जवळच होती, वीस पावलांवर. बहिणीनं बाण लावला, ओढला, सोडला. मला बाण दिसलाच नाही. मुठीवर लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज आला आणि गंजीच्या पार डाव्या कडेला बाण उभा दिसला. दुसरा, तिसरा. सगळे डावीकडे, एकमेकांना चिकटून. हात वाकडा असता तर पसरले असते. हे तसं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "तुही डिग्री डावीकडे जाऊन राहिली."

ती हसली, मीही हसलो, आणि मग ती बाण उपटायला गेली. निवड चार दिवसांवर होती.

घरी येऊन बाबांनी एक बाण दोन खिळ्यांवर आडवा ठेवला आणि अर्ध्या किलोचं माप टांगलं. बाण जेमतेम हलला. कोळशाच्या सगळ्या रेघांच्या वर राहिला. त्यांनी एका किलोचं टांगलं. तरीही पहिल्या रेघेपर्यंत आला नाही.

"हा कोनाचाच भाऊ नाही," बाबा म्हणाले.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि त्यांनी सांगितल्यावर मला माझा अभ्यास कळला. आमच्या धनुष्याला खिडकी नाही. बाण मुठीच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो, आणि सुटताना त्याला त्या जाड मुठीला वळसा घालून जावं लागतं. ओढ्यातला मासा दगडाला वळसा घालतो तसा. त्यासाठी त्याला लवावं लागतं. लांब काडी लवते, आखूड लवत नाही. मी कापून कापून त्याची लवच काढून टाकली होती. मी कागद पुन्हा काढला. कोष्टकाच्या खाली, बारीक अक्षरांत, एक ओळ होती. पूर्ण लांबीचा बाण आधी मारून पाहा, मगच कापा. मी कोष्टक वाचलं होतं. ओळ वाचली नव्हती.

ती ओळ मी घरात सगळ्यांना मोठ्यानं मराठीत वाचून दाखवली. बसून.

बाबा रागावतील असं वाटलं होतं. मी त्यांना एका काडीसाठी बोललो होतो आणि माझ्या हातून पाच गेल्या होत्या. ते खिशातून तंबाखू काढून मळत बसले. मैदानाकडून कोणाच्या तरी बाणाचा ठप् आवाज आला, मग थोड्या वेळानं आणखी एक.

"बाण आता वाढत नाही," शेवटी ते म्हणाले. "धनुष्य कमी होऊ शकते."

बहिणीनं धनुष्य छातीशी धरलं. "म्हणजे?"

"मूठ तासतो. डावीकडून. बाणाले मधात घेतो."

"मोडलं तं?"

"तं मोडलं."

"बाबा, हे एकच आहे माह्याकडे! दुसरं करायले तुमाले महिना लागते."

"महिना नाही, दीड लागते," बाबा म्हणाले. "बांबूच मौद्याच्या पलीकडून आणा लागते."

ती माझ्याकडे बघू लागली. माझ्या खिशात चार चार इंचांचे पाच तुकडे होते. तिनं मुठीवरची मायच्या लुगड्याची किनार सोडायला सुरुवात केली. गोल गोल, हळूहळू. किनार तिच्या मांडीवर पडत गेली आणि आतला बांबू दिसू लागला, घामानं काळसर झालेला. सगळी सोडून झाल्यावर तिनं धनुष्य बाबांकडे दिलं.

तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो, आणि सगळ्यात कमी खरा वाटतो. उन्हाचा रंग भिवापूरच्या आत्याकडे मिरच्या वाळत घातल्यावर अंगणाचा होतो तसा होता. बाबा काचेच्या तुकड्यानं मूठ खरवडत होते. कोयती नाही, काच. पीठ पडावं तसा बांबू पडत होता. वीस हात मारले की थांबायचं, आम्ही मैदानावर जायचो, ती तीन बाण मारायची, परत यायचो. पुन्हा वीस हात. बाण डावीकडून आत येत होता, चार बोटं, मग तीन बोटं. मूठ अंगठ्याएवढी पातळ होत चालली होती, आणि दर वेळी ती ओढायची तेव्हा मी तिच्याकडे न बघता जमिनीकडे बघायचो. पाचव्या की सहाव्या खेपेला तिनं ओढलं आणि धनुष्यातून आवाज आला. बारीक, दार किंचित उघडल्यासारखा. करर्.

तिनं हळूच सैल सोडलं. बाबांनी धनुष्य घेतलं, मुठीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आणि काच खिशात ठेवली.

"बस," ते म्हणाले.

"एक बोट डावीकडे जातेच अजून," ती म्हणाली.

"ते एक बोट तुह्या डोळ्यानं घे वं. त्याच्या खाली मी नाही जात."

आम्ही अंगणात परतलो तेव्हा माय घरातून बाहेर आली होती. तिनं किनार उचलली आणि मूठ पुन्हा गुंडाळली, या खेपेला दुहेरी, घट्ट, जखमेला बांधतात तशी.

निवडीच्या सकाळी मैदानावर चुन्याच्या रेघा होत्या. आम्ही चौघंही गेलो. माय आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आली होती आणि पदर दातात धरून उभी होती. जवळच्या फेऱ्या बऱ्या झाल्या. एक बोट ती डोळ्यानं घेत होती. सोडायच्या आधी तिची मान केसभर उजवीकडे जायची, ते आम्हाला तिघांनाच कळत होतं.

मग गंजी लांब नेल्या. इतक्या लांब की निशाणाचा पिवळा ठिपका कुंकवाएवढा दिसत होता. बहीण रेघेवर उभी राहिली. तिनं ओढलं. मी कान त्या करर् साठी उघडे ठेवले. आला नाही. बोटं सुटली आणि बाण नाहीसा झाला.

बांबूचा बाण डोळ्यांना धरता यायचा. त्याचं जाणं, चमकणं, आठवणं, सगळं दिसायचं. हा नुसता गेला. हिवाळ्याच्या त्या पांढऱ्या उजेडात काही म्हणजे काही नव्हतं, आणि त्या काही नसण्याकडे बाबा एक डोळा मिटून बघत होते.

"गेला कुठं गा?"

मी थांबलो. लांबून, पार लांबून, ठप् आला.

"लागला," मी म्हणालो.

"पोचला?"

"पोचला, बाबा."

त्यांनी दोन्ही डोळे मिटले. मायनं विचारलं, "काय झालं? मले तं काहीच नाही दिसलं." मी तिला सांगितलं की कोणालाच दिसलं नाही, आणि तसंच असतं ते.

त्या फेरीत तिचा एकही बाण अलीकडे पडला नाही. एक मात्र पलीकडे गेला. गंजीच्या डोक्यावरून, मागच्या वाळक्या गवतात. ते तिच्या भीतीचं बोट होतं, असं ती मागाहून म्हणाली. पडेल पडेल म्हणून हात उचलला गेला. फेरी संपल्यावर आम्ही शोधायला गेलो. काळी माती, तिला पडलेल्या भेगा, आणि त्यात कुठेतरी एक काळा बाण. पांढरी पिसंसुद्धा सापडली नाहीत. बाबा चपला काढून, पाय न उचलता, गवतातून चालत राहिले, तळव्यांनी चाचपत. सरांनी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे परत आले.

"जमिनीनं घेतला," ते म्हणाले.

दुपारी टेबलापाशी यादी लागली. मराठीतच होती, पण लोकांनी मला पुढे ढकललं. चार नावं होती. चौथं तिचं. मी ते एकदा मनात वाचलं, मग त्याच्या खालची कोरी जागाही वाचली, खाली बारीक अक्षरांत आणखी काही नाही ना म्हणून, आणि मग मोठ्यानं वाचलं.

बहीण ओरडली नाही. ती मायच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली आणि माय म्हणाली, "चाल घरी. चूल इझली असन."

घरी बाबांनी धनुष्याची दोरी उतरवली, त्याचं एक टोक जमिनीला टेकवलं आणि एक डोळा मिटला.

टक्.

"काय झालं?" ती घाबरून म्हणाली.

"वाकडं झालं. एका अंगानं जास्त काम करून राहिलं आता ते. गाडीत बसायच्या आधी शेकतो." आणि शेगडी अंगणात घेऊन आले. या वेळी कोणी अडवलं नाही. माय काळ्या फुंकणीनं निखारे फुलवत होती.

चार दिवसांनी ती संघाबरोबर रेल्वेनं राष्ट्रीय स्पर्धेला निघाली. भाता नव्हता. बाबा आत गेले आणि माझी पदवीची पुठ्ठ्याची नळी घेऊन आले. एका बाजूचं झाकण काढून कागद बाहेर ओढला, तो माझ्या हातात दिला, आणि नळीत उरलेले चार काळे बाण आणि, मी नको म्हणत असताना, एकाच दोऱ्यानं बांधलेले सहा बांबूचे बाण उभे केले. पिसं वर आली, पांढरी, एकमेकांना टेकून.

"बांबूचे कायले, बाबा? लांब जात नाहीत ते," बहीण म्हणाली.

"जवळचं निशाण असन नं तिथं एखादं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "घेऊ नं गा? नळी सरळ आहे म्हणून म्हटलं."

"घ्या," मी म्हणालो.

तिथं तिचा नंबर आला नाही. लांबचा एकही बाण अलीकडे पडला नाही, हे मात्र तिनं रिक्षातून उतरता उतरता सांगितलं, सामान खाली ठेवायच्या आधी. नळी परत आली तेव्हा तिच्या बुडाच्या झाकणाला बाणांच्या टोकांनी भोकं पाडली होती. पदवी मी पुन्हा तिच्यात ठेवली नाही. ती ट्रंकेत, कापडांच्या खाली सपाट ठेवली. अजून तिथंच आहे. बाहेर काढली की आपोआप गुंडाळते, आणि नळी होते.